‘ॲडवाइज’ म्हटलं की ‘सल्ला’: एका शब्दकोश ॲपसोबत दीड वर्ष

परभणीत कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, शपथपत्रं, झेरॉक्स हे चालूच असतं. अलीकडं निम्मं काम इंग्रजी पत्राचं मराठी करून देण्याचं येतं. दीड वर्षापूर्वी भाच्यानं माझ्या मोबाइलमध्ये इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं एक ॲप टाकून दिलं. महिनाभर फुकटातलं वापरलं. पण दर तिसऱ्या शब्दाला रमीची जाहिरात आडवी येऊ लागली, तेव्हा १४९ रुपये भरून बिनजाहिरातीचं घेतलं. नाव लिहीत नाही, कारण असली चार-पाच ॲपं मी चाळली आणि सगळी एकाच मुशीतली निघाली.

चांगलं आधी सांगते. नेट नसलं तरी चालतं, आणि आमच्याकडं लाइट गेली की नेट जातंच. स्पेलिंग चुकलं तरी बरोबरचा शब्द पुढं करतं. ‘ॲडवाइस’ हे नाम, शेवटी सी. ‘ॲडवाइझ’ हे क्रियापद, शेवटी एस. दोन्हींचे उच्चार वेगळे ऐकवतं. ‘काउन्सिल’ आणि ‘काउन्सेल’ यांतही गल्लत करत नाही, आणि दुसऱ्याला पहिला अर्थ ‘वकील’ असा देतं. कोर्टाजवळ बसणाऱ्या बाईला याचं मोल विचारा.

रडगाणं आहे ते ‘ॲडवाइझ’चं आणि त्याच्या गोतावळ्याचं. समानार्थीवर बोट ठेवलं की काउन्सेल, सजेस्ट, रेकमेंड, ॲडमॉनिश, एक्झॉर्ट, इन्फॉर्म असे एकाखाली एक येतात, जणू कुठलाही उचला आणि वापरा. मराठी अर्थ पाहायला जावं तर बहुतेकांसमोर ‘सल्ला देणे’. कुठं चव बदलायला ‘उपदेश करणे’.

पहिला दणका मोंढ्यातल्या एका अडत्याकडून बसला. त्याला बाहेरच्या राज्यातल्या गिरणीचं पत्र आलं होतं, सोयाबीनच्या गाड्यांबद्दल. त्यात होतं, ‘काइंडली ॲडवाइझ द डेट ऑफ डिस्पॅच’. मी घाईत होते, ॲपवर भरवसा टाकला आणि टाइप केलं, ‘माल पाठविण्याच्या तारखेबाबत कृपया सल्ला द्यावा.’ अडत्या दुसऱ्या दिवशी कागद घेऊन परत आला. “ताई, त्याला गाडी कवा निघणार ते पाहिजे. माझा सल्ला घेऊन काय करतो त्यो?” बरोबर होतं त्याचं. व्यापाराच्या आणि बँकेच्या इंग्रजीत ‘ॲडवाइझ’ म्हणजे कळवणे. बँकेतून येणारी ‘डेबिट ॲडवाइस’ ही खात्यातून पैसे गेल्याची सूचना असते. तिथं कुणी कुणाला शहाणपण शिकवत नसतं. ॲपमध्ये हा अर्थ आहे, नाही असं नाही. पण सहावा. बोटानं खाली सरकवत गेलं तर सापडतो.

दुसरी चूक जड होती. केंद्राच्या एका खात्यातला कर्मचारी मेमो घेऊन आला. वकिलाला दाखवण्याआधी घरच्यांना कळावं म्हणून त्याला मराठी पाहिजे होतं. मेमोत शब्द होता ‘ॲडमॉनिश्ड’. ॲप म्हणालं, ‘सल्ला देणे, बोध करणे.’ मला मेमोत ‘सल्ला’ काही बरा वाटेना, म्हणून दुसरा उचलला आणि लिहिलं, ‘आपणांस बोध करण्यात येत आहे.’ वकीलसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “ताई, हा मेमो आहे का कीर्तन?”

मग त्यांनीच बसवून समजावलं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६५च्या नियमांत ‘सेन्शर’, म्हणजे ठपका, ही किरकोळ शिक्षांच्या यादीतली पहिली शिक्षा. नुसती ‘वॉर्निंग’ त्या यादीतच नाही. त्यामुळं त्या माणसाला समज दिली, ताकीद दिली की ठपका ठेवला, यावर त्याची झोप अवलंबून होती, आणि मी त्याला बोध करून मोकळी झाले होते. शेवटी ‘समज देण्यात येत आहे’ असं केलं. त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

माझे सासरे निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले, १९४८च्या आधी. त्यांना कोशाची गरजच पडली नाही. बरोबरीच्याला मशवरा, पोराला नसीहत, असं त्यांचं चोख होतं. आता ‘सल्ला’, ‘मसलत’, ‘ताकीद’ हे तिन्ही शब्द आपल्याकडं अरबीतूनच आलेत, पण मराठीत नांदताना प्रत्येकानं आपापली पायरी धरली. भावकीत मसलत होते, ताकीद होत नाही. साहेब ताकीद देतो, मसलत करत नाही. आई करते ती कानउघाडणी. कोण कुणाला बोलतंय हे कळल्याशिवाय यातला शब्द निवडताच येत नाही, आणि ॲप नेमकं तेच सांगत नाही. दोन शब्दांचा कंस टाकला असता, ‘वरिष्ठाने कनिष्ठास’, तरी माझं भागलं असतं.

उदाहरणवाक्यांचं तर बोलूच नये. ‘फार्मर्स आर ॲडवाइज्ड टु’ याचं ॲपनं केलंय ‘शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो की’. असं कोण बोलतं? आमच्या इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, दुकानात कुणी ना कुणी त्याची प्रिंट मागतं. ‘सल्ला’ हा शब्द वर मथळ्यात. खाली सगळं ‘करावी’, ‘द्यावे’, ‘टाळावे’. पावसाची उघाड बघून फवारणी करावी, संपलं. मराठीत सल्ला क्रियापदाच्या शेपटात बसतो, त्याला वेगळी खुर्ची लागत नाही. हे कळल्यापासून इंग्रजी पत्रातला ‘यू आर ॲडवाइज्ड टु’ मी सरळ गिळून टाकते आणि ‘आपण अमुक करावे’ असं लिहिते. गिऱ्हाईक खूश, ओळही आखूड.

सध्या असं करते. सरकारी पत्र असलं की भाषा संचालनालयाचे कोश. मराठी शब्दाची नेमकी छटा पाहायची असली की मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येते. ॲप उरलं स्पेलिंगला, उच्चाराला आणि लाइट गेल्यावर.

पाचपैकी अडीच तारे. दहावी-बारावीच्या लेकरांनी खुशाल घ्यावं, पण फुकटातलं देऊ नका त्यांच्या हातात, त्या रमीच्या जाहिराती फार वाईट. आणि नोटीस, मेमो, करारनामा असलं काही आलं तर समानार्थीच्या यादीतला पहिला शब्द उचलू नका. खाली सरकवा. सहाव्यापर्यंत तरी.