४५० हेलिकॉप्टरचा रिसीव्हर बदलला : आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये रिमोटवर उडणाऱ्या माझ्या ४५० वर्गातल्या छोट्या मॉडेल हेलिकॉप्टरमधून जुना सहा चॅनेलचा रिसीव्हर (हातातल्या रेडिओचे हुकूम पकडणारा भाग; चॅनेल म्हणजे एकेका हुकुमाची वाट) काढला आणि एक्सप्रेसएलआरएस या ओपन सोर्स रेडिओ प्रणालीचा २.४ गिगाहर्ट्झचा बसवला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता पाऊस, थंडी आणि हा मार्चचा उकाडा असे तिन्ही ऋतू काढून झालेत, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच जमलंय.

मशीन साधंच : ३२५ मिलिमीटरची ब्लेड, थ्री-एस, म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी, बेल्टवर चालणारी टेल (शेपटीचा पंखा) आणि फ्लायबारलेस युनिट, म्हणजे मशीन स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, मध्येच टेल झटका द्यायची. मे महिन्यात एकदा दोन पुरुष उंचीवर असताना सगळे सर्व्हो (पात्यांचे कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) क्षणभर गप्प झाले आणि मशीन आडवं होऊन ढेकळांवर आपटलं. मेन शाफ्ट वाकला, टेल बूम (शेपटीची नळी) दुमडला, ब्लेडचे तुकडे शेतभर शोधत फिरलो. संशय गेला थेट रिसीव्हरवर. परळला आमच्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात आणि तीही बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यातली. पण उडवतो आम्ही कर्जतच्या पुढे, कापणी झालेल्या शेतात. मुंबईत विमानतळाची हद्द आहे, शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात, त्यामुळे शहरात उडवायचा विषयच नाही. त्या शेतात वायफाय कुठून आलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

खर्चाचं आधी सांगतो. रिसीव्हर अडीच हजारांच्या आत आला. पण माझ्या जुन्या ट्रान्समीटरला (हातातल्या रेडिओला) या प्रणालीचं मॉड्यूल लावायची सोयच नव्हती, म्हणून रेडिओही नवा घ्यावा लागला आणि खरे पैसे तिथे गेले. मागवताना एक बघा : ९१५ मेगाहर्ट्झचे रिसीव्हरही विकायला असतात, ते घेऊ नका. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइलचा आहे आणि ९१५ वाले त्यात शिरतात. कमी फ्रिक्वेन्सीचं हवंच असेल तर ८६५ ते ८६७ चा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे आणि फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) भारतासाठी तशी वेगळी निवडही आहे. हेलिकॉप्टर नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं, त्याला २.४ पुरून उरतं.

बसवायला एक संध्याकाळ लागली. पूर्वी रिसीव्हरपासून युनिटपर्यंत पाच वायरींचा गुंता होता, आता एस-बसची (सगळे चॅनेल एकत्र नेणाऱ्या पद्धतीची) एकच वायर जाते. पहिल्या दिवशी युनिटला सिग्नलच मिळेना. रिसीव्हर मुळात सीआरएसएफ भाषेत बोलतो, त्याला एस-बस बोलायला सांगावं लागतं. रेडिओ बंद ठेवून रिसीव्हरला वीज द्यायची, मिनिटभराने तो स्वतःचं वायफाय सुरू करतो, मग फोनवर १०.०.०.१ उघडून प्रोटोकॉल बदलायचा. शिवाय रेडिओ आणि रिसीव्हर यांच्या फर्मवेअरचा मुख्य आकडा एकच लागतो, नाहीतर बाइंड होत नाही, म्हणजे दोघांची जोडी जमत नाही.

आता हेलिकॉप्टरवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या जुन्या मांडणीत जायरो गेन (टेल किती जोराने सावरायची ते) पाचव्या चॅनेलवर होता आणि कलेक्टिव्ह पिच (मुख्य पात्यांचा कोन, ज्याने मशीन वर-खाली जातं) सहाव्यावर. तीच मांडणी नव्या रेडिओत उतरवली, मोटरच्या वायरी काढून ठेवल्या, टेबलावर मशीन ठेवलं आणि कलेक्टिव्हची काठी हळूहळू वर नेली. स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी चकती) सरकेना. मग एकदम टुणकन वर आली, थांबली, पुन्हा टुणकन. खालपासून वरपर्यंत मोजून सहा पायऱ्या. हा बिघाड नव्हे, याची रचनाच तशी आहे. पहिले चार चॅनेल पूर्ण बारकाव्याने, म्हणजे १०२४ पायऱ्यांत जातात. पाचवा आर्मिंगसाठी (मोटर सुरू व्हायची परवानगी) राखीव, फक्त चालू किंवा बंद. त्यापुढचे चॅनेल हायब्रिड मोडमध्ये (तेव्हा माझा हाच होता) स्विचसाठी आहेत, काठीसाठी नाहीत. ड्रोनवाल्यांना हे कधी जाणवतही नाही, कारण त्यांचं उडवणं पहिल्या चारांत आटपतं. आपल्याला मात्र आयलरॉन (डावं-उजवं कलणं), एलिव्हेटर (पुढे-मागे कलणं), रडर (शेपूट वळणं) आणि कलेक्टिव्ह हे चारही बारीक लागतात, आणि थ्रॉटल गव्हर्नरवर (मोटरचा वेग कायम ठेवणाऱ्या सोयीवर) एका जागी स्थिर असतं. म्हणून कलेक्टिव्ह तिसऱ्यावर आणलं, थ्रॉटल सहाव्यावर, गेन सातव्यावर, आणि स्विच मोड वाइड केला, ज्यात पुढच्या चॅनेलना जास्त पायऱ्या मिळतात. फुल मोड निवडला तर सहावाही पूर्ण बारकाव्याने येतो, पण मला ही मांडणी जास्त पटली. तुमच्या फ्लायबारलेस युनिटमध्ये चॅनेल बदलून घेता येतात का, हे मात्र खरेदीआधी तपासा. या पायऱ्या न बघता कोणी थेट मैदानात गेलं तर पहिलंच उड्डाण शेवटचं ठरेल.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला आणि लोकलच्या लगेज डब्यातून मशीन घेऊन कर्जत गाठलं. काठीला प्रतिसाद आधीपेक्षा स्पष्ट वाटला, विशेषतः टेल जागच्या जागी थांबवताना. पण तिसऱ्याच बॅटरीला सर्व्हो परत मंदावले. लगेच उतरवलं. या रिसीव्हरला व्होल्टेज मोजायची वेगळी पिन आहे, ती मी सर्व्होंच्या पॉवर लाइनला जोडली होती. घरी येऊन रेडिओच्या कार्डावरची नोंद उघडली. लिंक क्वालिटी (पोचलेल्या सिग्नलची टक्केवारी) पूर्ण उड्डाणभर १००, आणि व्होल्टेज एका जागी ५ वरून ४.१ वर कोसळलेलं. सेकंदाला मोजक्याच नोंदी होतात, म्हणजे प्रत्यक्षात ते आणखी खाली गेलं असणार.

तो आकडा बघून मी बराच वेळ गप्प बसलो. दोष माझ्या ईएससीतल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातल्या) लिनियर बीईसीचा, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा होता. बॅटरीचे १२ व्होल्ट ५ वर आणताना ती उरलेले सगळे उष्णतेत घालवते, आणि चार डिजिटल सर्व्हो एकदम ओढू लागले की तापून हात टेकते. वेगळी ५ अँपियरची, कमी तापणारी स्विचिंग बीईसी लावली, ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप गुंडाळली, रिकाम्या सॉकेटमध्ये कपॅसिटर खोचला. त्यानंतर ४.९ च्या खाली आकडा गेलेला नाही. ४.७ ला रेडिओ ओरडेल असा अलार्मही लावलाय.

टेलचे झटके तरीही अधूनमधून यायचेच आणि जानेवारीत वाढले. मैदानावर एक काका येतात, इंजिनाच्या जमान्यापासून उडवतायत. ते म्हणाले, "अरे, रिसीव्हर कशाला बघतोस? सकाळची हवा किती कोरडी आहे बघ. बेल्ट वीज साठवतोय तुझा." बूमला कान लावून हाताने रोटर फिरवला तर बारीक टिक्-टिक् ऐकू आली. बूम आणि मोटर माउंट एका वायरीने जोडले. वायर टेकते तिथला रंगीत थर पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, कारण त्या थरातून वीज जात नाही. बेल्टवर सिलिकॉन स्प्रे मारला. झटके थांबले.

अँटेनाच्या टोकाचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग कार्बनच्या फ्रेमबाहेर राहायलाच हवा, कार्बन सिग्नल अडवतो. मी तो स्ट्रॉमध्ये घालून स्किडला (खालच्या पायांना) बांधलाय. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप बंद होणं) दर महिन्याला तपासतो : मेन ब्लेड काढायची, मोटर सुरू करायची, रेडिओ बंद करायचा. मोटर लगेच थांबली पाहिजे.

जुना रिसीव्हर फेकला नव्हता. मुंबईच्या दमट हवेने त्याच्या पिनांवर हिरवट थर आला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केला आणि जुन्या ट्रान्समीटरसकट भाच्याच्या फोमच्या विमानाला दिला. डिसेंबरपासून तो दर रविवारी उडवतोय. अजून एकदाही सिग्नल तुटलेला नाही.