बोर्ड वायरलेस, स्टार्ट मात्र वायरवरच: सात महिन्यांनंतर

धावण्याच्या स्पर्धेची वेळ टायमरवरून मैदानावरच्या बोर्डावर वायरशिवाय पाठवणारा हा सेट गणपतीच्या आठवड्यात घेतला. नाशिकमधल्या शाळांच्या आणि आमच्या क्लबच्या मिळून अकरा स्पर्धांना वापरून झाला, म्हणून आता लिहितोय.

सेट म्हणजे दोन डब्या. एक फिनिशजवळच्या टायमरच्या सीरियल पोर्टला (आकडे एकामागोमाग बाहेर पाठवणारं तोंड), दुसरी मैदानापलीकडच्या एलईडी बोर्डाला. बोर्ड अंबडच्या एका कारागिराकडून पी-टेन पॅनेलचा (दिव्यांमध्ये दहा मिलिमीटर अंतर) बनवून घेतलेला. आधी दोघांमध्ये सत्तर मीटर केबल असायची, तीही ट्रॅक ओलांडून. सीरियल पोर्टची नेहमीची पद्धत, आरएस-२३२, साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची, त्यामुळे दोन्ही टोकांना लांब वायरवर चालणाऱ्या आरएस-४८५चे कन्व्हर्टर, म्हणजे बिघडायला आणखी दोन जागा. फक्की मारून झाली की केबलवर माती लोटायची, आणि दुसऱ्या हीटला कुणाच्या तरी स्पाइकने ती उचकटायची.

पहिली जोडी २.४ गिगाहर्ट्झची आली. रविवारी रिकाम्या मैदानावर झकास चालली. स्पर्धेला पोरं दोरीला खेटून उभी राहिली आणि बोर्डावरचे आकडे अडखळायला लागले. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, ते हा सिग्नल शोषतं. शिवाय प्रत्येक पालकाच्या खिशात वायफाय-ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. अँटेना अडीच मीटर उंच केल्यावर बराच फरक पडला, पण पुरता नाही. शेवटी पदरचे पैसे घालून ८६५-८६७ मेगाहर्ट्झची लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) जोडी घेतली. ठरलेल्या पॉवरच्या आत हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. तेव्हापासून गर्दीचा त्रास नाही.

पण लोरा लांब पोचतो तसा बोलतो सावकाश. सेकंदाचा शंभरावा भाग दर वेळी पाठवायला गेलात तर रांग लागते. आमच्या एका पॉलिटेक्निकवाल्या पोराने बोर्डालाच स्वतःचं घड्याळ दिलं: स्टार्टला एक निरोप, मग बोर्ड आपलं आपण मोजतो, आणि फिनिशला टायमरची खरी वेळ येऊन बसते. शेवटचा निरोप दुसऱ्या प्रयत्नात पोचला तर १२.९ दिसून क्षणात १२.६४ होतं. मग पालक विचारणारच, "सर, वेळ कमी कशी केली?" निकाल टायमरचा, बोर्डाचा नाही, हे दर स्पर्धेला माइकवरून सांगतो.

पिस्तुलापासून टायमरपर्यंतची वायर मात्र काढली नाही. विक्रेता वायरलेस स्टार्टही गळ्यात मारत होता. बोर्डाला निरोप पाव सेकंद उशिरा मिळाला तर कुणाचं काही बिघडत नाही. टायमरला स्टार्ट तेवढा उशिरा मिळाला तर पाव सेकंद पोराच्या वेळेतूनच कापला जातो, आणि फुकटात विक्रम होतो! पिस्तुलाच्या आवाजालाही शंभर मीटर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणून तर स्टॉपवॉचवाले धुराकडे बघून बटण दाबतात. आपसात वेळ जुळवून घेणारी महागडी यंत्रं हे नीट करतात. ही डबी त्यातली नव्हे.

जोडणीत दोन तास गेले ते रेडिओमुळे नाही. बोर्डावर अगम्य चिन्हं येत होती, कारण टायमर ९६०० बॉडवर (आकडे पाठवायचा वेग) आणि डबी ११५२०० वर. मग टीएक्स-आरएक्स, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची तार, उलटे निघाले. आता डबीच्या पोटावर चिकटपट्टी लावून '९६००, ८, एन, १' हे जोडणीचं सेटिंग लिहून ठेवलंय.

डबीला झाकण आहे, पण पाणी रोखणारं नाही. सप्टेंबरच्या भुरभुरीत कनेक्टर हिरवट पडला. मैदानावरच्या मामांनी त्यावर दुधाची पिशवी रबराने बांधली, ती अजून तशीच आहे.

खरा फायदा शंभर मीटरला नाही, पंधराशेला दिसला. धावपटू कविता राऊतच्या या जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या पोरी भरपूर. पूर्वी फेरीची वेळ मी कडेला उभा राहून ओरडायचो, आता त्या मान न वळवता बोर्ड बघतात आणि शेवटच्या फेरीला वेग धरतात. पलीकडच्या वळणावर मात्र बोर्डाची पाठ येते. तिकडे दुसरा बोर्ड लावायचाय. पाठवणारी डबी तीच पुरेल, घेणारी एक जादा लागेल.