७९९ रुपयांत ७२ तपासण्या: आधी नळ्या मोजा

नाशिकच्या पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको या भागांत राहणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ‘७२ तपासण्या फक्त ७९९ रुपयांत’ अशी जाहिरात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. आमच्याकडे तर रविवारी शिबिरच लावलं. निम्म्या बिल्डिंगने रक्त दिलं, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनीही. पैसे क्यूआर कोडवर घेतले, पावती मागितली तर ‘रिपोर्टसोबत येईल’.

रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आला. अण्णांना मधुमेह जुना, तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) आठच्या खाली क्वचितच येते. यात ती ५.६! अण्णा हरखून गेले. कुणाला न सांगता त्यांनी गोळी अर्धी केली, चहात साखर सुरू झाली.

फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एवढंच विचारलं, “रक्त किती नळ्यांत घेतलं?” मी शेजारीच उभी होते, त्यामुळे पक्कं ठाऊक होतं. एकच नळी, पिवळ्या टोपणाची. मग त्यांनी समजावून सांगितलं. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर सुटलेलं सिरम तपासतात. कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉइड त्यातून होतं. पण हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजायला न गोठलेलं रक्त लागतं, त्यासाठी जांभळ्या टोपणाची नळी. तीन महिन्यांची शुगरही त्याच नळीतून. उपाशीपोटीच्या शुगरसाठी साधारणपणे राखाडी टोपणाची, कारण नळीतल्या जिवंत पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरू शकतो. आमच्या रिपोर्टात प्लेटलेटचा आकडा होता. गोठलेल्या रक्तात त्या मोजल्या कशा? मोजल्याच नाहीत, आकडे टाइप केले.

कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये पुन्हा तपासणी केली. तीन महिन्यांची शुगर ८.९ निघाली आणि क्रिएटिनिनही वाढलेलं. मधुमेह असलेल्या माणसाच्या किडनीवर ताण येतोय, हे त्या रंगीत कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून छापलं होतं. पैसे गेल्याचं मला काही नाही. याचा मात्र अजून संताप होतो.

मग शेजाऱ्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवले. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं आणि अण्णांचं कॅल्शियम, सोडियम, युरिक ॲसिड दशांशापर्यंत सारखं. व्हिटॅमिन डी आणि बी१२ तर एकूण एक जणाचं कमी. आपल्याकडे ही कमतरता खरोखरच खूप जणांना असते, म्हणून संशय येत नाही. पाठोपाठ ‘आहारतज्ज्ञां’चे फोन आले: पावडरचा कोर्स, साडेचार हजार रुपये. खरा धंदा तिथे आहे.

७२ हा आकडाही फुगवलेला. एका सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीतच, वीसेक आकडे येतात, गुणोत्तरं वेगळी मोजतात, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तर बऱ्याचदा बाकीच्या कोलेस्टेरॉलवरून गणिताने काढतात.

कोरोनानंतर घरी सॅम्पल देण्याची सवय लागली, लॅबचा व्यवसाय वाढला. त्यात गैर काहीच नाही. नाशकात प्रामाणिकपणे घरी येऊन रक्त नेणारे खूप आहेत. ते नळीवर नावाचं लेबल तुमच्यासमोर लावतात, पावती देतात. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. आमच्या रिपोर्टवर नुसता फराटा होता, ना नाव, ना नोंदणी क्रमांक. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा शिक्का होता, पण प्रमाणपत्र क्रमांक नाही. ही मान्यता ऐच्छिक असते. पण ज्यांच्याकडे ती आहे त्यांचा क्रमांक आणि कोणत्या तपासण्यांना मान्यता आहे, हे एनएबीएलच्या वेबसाइटवर दिसतं.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे एकत्र जायची तयारी चालू आहे. तुमच्याकडेही असं शिबिर झालं असेल तर रिपोर्ट आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका. आणि तो रिपोर्ट बघून घरात कुणी गोळ्या कमी केल्या असतील, तर आजच डॉक्टरांना गाठा.