गच्चीवरचं अंजीर, 15,400 रुपये आणि अगरबत्तीची काडी

आधी हिशोब. अंजिराची म्हणून घेतलेली आठ रोपं प्रत्येकी 850 म्हणजे 6,800, ट्रान्सपोर्ट 1,200, "स्पेशल खत किट" 2,400 आणि "बायबॅक रजिस्ट्रेशन" 5,000. एकूण 15,400 रुपये. आणि गच्चीवर आज आठ कुंड्यांमध्ये काळा उंबर उभा आहे. हो, तोच, ओढ्याकाठी आपोआप उगवतो आणि ज्याला कुणी हात लावत नाही तो.

जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, फेसबुकवर रोज फिरते. कमरेएवढं झाड, पानं कमी आणि अंजिरंच जास्त, खाली "डायना जात, टिश्यू कल्चर, कुंडीत बारमाही फळ, आम्हीच 180 रुपये किलोने घरून उचलू". आता डायना नावाची जात खरंच आहे, सुकवायला चांगली म्हणून लावतात लोक, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं. शिवाय व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्याने शेडनेट दाखवलं, कामाला बायका दाखवल्या, जीएसटीचं बिल व्हॉट्सअ‍ॅपला पाठवलं. माझं आयुष्य बँकेत लोकांच्या केवायसीचे कागद तपासण्यात गेलंय, मी डोळे झाकून पैसे टाकणारी बाई नाही, हे आधीच सांगते कारण घरात हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

पार्सल आलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, पान एकही नाही ("ताई प्रवासात पानं सुकतात म्हणून आम्ही छाटूनच पाठवतो") आणि प्रत्येक काडीला दोन दोन हिरवी अंजिरं. भाचा आलेला होता, त्याने एक फळ ओढलं आणि ते हातात आलं. देठ कोरडा ठणठणीत. चीक नाही. आणि फळाच्या बुडात टोचलेली अगरबत्तीची तुटकी काडी, मसाला खरवडलेली, टोकाला अजून थोडा काळपट रंग.

इथेच थांबायला हवं होतं. माझं माहेर सासवडकडचं. कच्चं अंजीर तोडलं की पांढरा चीक टपकतो, हाताला लागला की खाज सुटते, लहानपणी आम्ही फडक्याने धरून तोडायचो. ज्या बाईला हे माहितीय तिच्यासमोर कोरडा देठ आणि आत बांबूची काडी! मी फोन केला तर म्हणे "ताई, प्रवासात फळ निसटू नये म्हणून आधार दिलाय, चीक आटतो." आणि इतकं शांतपणे, इतक्या आदराने बोलला की मलाच वाटलं आपण उगाच संशय घेतोय. त्या वेळेपर्यंत 8,000 गेले होते. बाकीचे 7,400 त्या काडीनंतर गेलेत, आणि रात्री झोप लागत नाही ती ह्या 7,400 मुळे.

खत किट म्हणजे काय, तर गांडूळखताची दोन पाकिटं आणि एक तपकिरी पाण्याची बाटली. बायबॅकचे, म्हणजे फळं तेच परत विकत घेणार म्हणून भरलेले 5,000 "रिफंडेबल" होते, पहिल्या तोडणीला परत मिळणार होते. कुणीही माल विकत घेण्यासाठी तुमच्याकडूनच आधी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. नंबर ब्लॉक मात्र करू नका, चॅट लागतं पुढे.

मग पानं फुटली. समोरासमोर जोडीने, लांबट, खरखरीत, कडा अखंड म्हणाव्यात अशा. अंजिराचं पान पंज्यासारखं असतं आणि एकाआड एक येतं. मी फोटो पाठवला तर उत्तर "ही बाळपानं आहेत, सहा महिन्यांनी पंजा फुटेल." आता कोवळ्या अंजिराची काही पानं खरोखर कमी कातरलेली असतात, त्यामुळे हे खोटंही अर्धं खरं होतं. पण जोडीने पान अंजिराला येतच नाही, हे मला ओळखीतल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी एका नजरेत सांगितलं. काहीजण सांगतात की चीक आला म्हणजे अंजीर, साफ चूक आहे, उंबर वड पिंपळ सगळ्यांना चीक येतो. पान बघा. बिनपानाचं रोप घेऊच नका.

आता सरकारी कौतुक ऐका. पोलिस चौकीत साहेब म्हणाले "मॅडम, झाडं मिळाली ना? मग फसवणूक कुठे झाली?" म्हटलं ती अंजिराची नाहीत. "हे कोणी ठरवलं? लेखी आणा." 420 लावा म्हटलं तर शेजारचा हवालदार म्हणतो 420 गेलं, आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. ज्ञान मिळालं, एफआयआर नाही. लेखी आणायला कृषी खात्याच्या ऑफिसात गेले तर पहिला प्रश्न "सातबारा आहे का?" अहो गच्चीचा सातबारा कुठून आणू! मग म्हणे नर्सरी दुसऱ्या जिल्ह्यातली दाखवलीय, तिकडे अर्ज करा. फळरोपवाटिकांसाठी 1969 पासून राज्यात कायदा आहे, लायसन्स लागतं, मग हे लोक फेसबुकवर राजरोस विकतात ते कुणाला दिसत नाही का? मी ते विचारल्यावर समोरच्या माणसाने पंख्याचा स्पीड वाढवला. खरंच, एवढंच केलं त्याने. बँकेत गेले तर "तुम्ही स्वतः पिन टाकलाय, ऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे." हे वाक्य मी स्वतः काउंटरच्या आतून कितीजणांना ऐकवलंय, त्यामुळे तिथे भांडायलाही तोंड नव्हतं.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा, समोरच्या खात्यात रक्कम असते तोवरच होल्ड लागतो. मी झाडं ओळखेपर्यंत महिने गेले, म्हणजे ही स्कीमच तशी आहे, फळ यायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि तोच वेळ ह्यांना पळायला पुरतो. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ती मी टाकलीय. नोटीस "पत्त्यावर असा कोणी नाही" म्हणून परत आली.

आणि अंजीर लावायचंच असेल तर त्याला 850 रुपये कशाला? पुरंदरच्या अंजिराला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तिकडे छाटणीच्या वेळी बांधावर फांद्या पडलेल्या असतात, कुणी नाही म्हणत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्की काडी, वीतभर, तीन चार डोळे, कुंडीत खोचायची, पाणी साचू द्यायचं नाही. आपल्याकडची पुना जात परागीभवनाशिवाय फळ धरते, एकच झाड पुरतं, "नर मादी जोडी घ्या" म्हणणाराही चोरच समजा. पाकिटातल्या बिया तर अजिबात नको. बारमाही वगैरे काही नसतं, बहार धरावा लागतो, छाटावं लागतं, आणि पावसाळ्यात पानांवर तांबेरा रोग येतो तो वेगळाच ताप.

ह्याच माणसाचा नंबर आता वेगळ्या डीपीने ड्रॅगनफ्रूटची रोपं विकतोय, फोटोत शेडनेट तेच, कोपऱ्यातली निळी टाकीही तीच. तुम्हाला गंडवलं असेल तर लाज सोडा आणि स्वतःच्या नावाने तक्रार टाका, माझ्या एकटीच्या 15,400 साठी चौकीत कुणी खुर्चीवरून उठत नाही. पार्सलचा खोका, त्यावरचं कुरियरचं लेबल आणि ती काडी फेकू नका. माझी काडी आमच्या ह्यांनी कचऱ्यात टाकली.