आगीपासून बचावाचा वर्ग: आमच्या आईंना काय जमलं, काय राहिलं

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत 31 घरं. निम्म्याहून जास्त घरांत नुसती म्हातारी माणसं, मुलं मुंबईला. गाडीरस्ता देवळापर्यंत, तिथून वर पाखाडी, नुसती पायऱ्यांची वाट. म्हणजे 101 ला फोन लागला, बंबही आला, तरी तो देवळापाशीच थांबणार. म्हणून वाडीत हा वर्ग व्हावा यासाठी मीच मागे लागले होते.

त्याला आणखी एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या सासूबाईंचा पदर समईवर गेला. नायलॉनचं पातळ, चटकन पेटलं आणि वितळून दंडाला चिकटलं. मी धावले, पण काय करायचं ते सुचेना. शेजारणीने मायेने टूथपेस्ट लावली. पुढे ती जखमेवरून काढताना आईंना जे सोसावं लागलं ते मी दारात उभी राहून ऐकलं आहे.

वर्ग घेणारे काका शेजारच्या गावचे, मुंबई अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. पैसे घेत नाहीत. आम्ही पेट्रोलचे दिले तेही आढेवेढे घेत ठेवले. एप्रिलमधल्या अग्निशमन सेवा सप्ताहात देवळाच्या सभामंडपात दोन तास वर्ग झाला. आम्ही 19 जण होतो, सगळ्यात मोठे आजोबा 84 वर्षांचे. काकांनी सुरुवात केली ती 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटापासून. आग विझवायला गेलेले 66 जवान त्यात गेले, म्हणून हा सप्ताह पाळतात. सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि मंडपातली कुजबुज थांबली.

कढईचं प्रात्यक्षिक सगळ्यात चांगलं झालं. बाहेर अंगणात तेल पेटेपर्यंत तापवलं आणि लांब बांबूला बांधलेल्या वाटीतून त्यात थोडंसं पाणी टाकलं. ज्वाळा माणसापेक्षा उंच गेली. मग पुन्हा पेटवून नुसतं झाकण सरकवलं, गॅस बंद केला, आणि आग गेली. झाकण लगेच उचलायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. आमच्या आई आता वडे तळताना झाकण हाताशी घेऊन बसतात.

गॅसचं तर मला स्वतःलाच नवीन होतं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो. मुलाने मुंबईहून गळती ओळखणारं यंत्र पाठवलं होतं, ते आम्ही वर, पोटमाळ्याजवळ ठोकलेलं! दुसऱ्याच दिवशी खाली आणलं. आईंना करोनानंतर वास नीट येत नाही, त्यामुळे गॅसला मुद्दाम दिलेल्या उग्र वासाचा त्यांना उपयोग नाही. त्यांच्यासाठी रेग्युलेटर रात्री बंद करणं हीच सवय हवी. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्या नळीवर 2017 छापलेलं निघालं. गळतीसाठी 1906 हा नंबर आता चुलीच्या वरच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

कपडे पेटले तर थांबा, जमिनीवर पडा, लोळा, असं काकांनी सांगितलं. तेव्हा आई उठून म्हणाल्या, "अहो, मला खाली बसवत नाही, लोळू कशी?" काका क्षणभर गप्प झाले आणि मग मनापासून उत्तर दिलं. धावायचं नाही, जवळच्या माणसाने घोंगडी किंवा जाड सुती चादर घट्ट गुंडाळायची. एकटं असलात तर पातळ सोडून टाका, लाज नंतर. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, पण त्यांनी विषय सोडला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. भाजल्यावर 20 मिनिटं गार वाहतं पाणी, बर्फ नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही. मी खाली मान घालून ऐकलं.

आता जे कमी पडलं ते. आग विझवायचं नळकांडं त्यांनी सहा किलो पावडरचं आणलं होतं, लोखंडासकट त्याहून जड. संधिवाताच्या बोटांना पिन ओढता येईना, आईंना तर ते उचललंही नाही. दोन किलोचं आणलं असतं तर निदान चारपाच जणींनी हातात धरून पाहिलं असतं. आमच्या शेजारच्या मावशींना अजिबात ऐकू येत नाही. त्या दोन तास काकांच्या ओठांकडे बघत बसल्या. रात्री त्यांना जागं कोण आणि कसं करणार, याचा विचार वर्गात झालाच नाही. आम्ही नंतर त्यांच्या माजघराची एक चावी आमच्याकडे ठेवून घेतली.

सगळ्यात खटकलं ते वणव्याचं. त्याला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, आणि तीही एप्रिलमध्ये, जेव्हा वरच्या काजूच्या बागेकडचा डोंगर आधीच काळा झाला होता. आमच्याकडे खरी भीती तीच. म्हातारी माणसं टहाळे घेऊन एकटी आग मारायला जातात, धुरात सापडतात. घराभोवतीचं गवत कधी कापायचं, पडवीच्या भिंतीला लावून रचलेली चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि नारळाची सोडणं कुठे हलवायची, न्हाणीच्या चुलीतली राख कुठे टाकायची, हे सगळं विचारायचं राहिलं. काकांची नोकरी इमारतींच्या शहरात गेली, हे मला कळतं. तरीही सांगते, कारण दुसऱ्या वाड्याही त्यांना बोलावणार आहेत.

बोलवाच. पण आधी कळवा की छोटं नळकांडं आणा, आणि गवत वाळायच्या आत या. आम्ही त्यांना पुढच्या खेपेला मार्गशीर्षात बोलावलं आहे. सभामंडपात बसणार नाही, पाखाडी चढून एकेका घराच्या स्वयंपाकघरात जाणार. पहिलं घर बहिऱ्या मावशींचं ठरलं आहे.