हंगामी वसतिगृह की शिक्षण हमी कार्ड?

ठाण्यात स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, वीटभट्टीवरच्या मुलांसाठी पाठपुरावा नेमका कशाचा करू? जव्हार-मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडीच्या भट्ट्यांवर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. मुलांचं अर्धं शालेय वर्ष त्यातच जातं. पर्याय दोन: हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप भट्टीवर असताना मुलाला गावातच ठेवून शिकवण्याची सोय; आणि शिक्षण हमी कार्ड, म्हणजे आईबापांसोबत गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड.

शिक्षणाची सलगता पाहिली तर गावातलं वसतिगृह सरस. तीच शाळा, तेच गुरुजी. कार्ड दाखवून मूल जाईल तिथल्या शाळेत बसतं खरं, पण भट्टी शाळेपासून लांब आणि रस्त्यावर डंपरची वर्दळ. सहा वर्षांच्या पोराला एकटं कोण सोडणार? वाहनाची सोय नसेल तर कार्ड आईच्या पिशवीतच राहतं.

आईबापांच्या सहवासात मात्र कार्डच पुढे. शिवाय धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीला सोबत नेतात, त्यामुळे वसतिगृहातून नेमक्या मुलीच सुटतात. मला हे फार खटकतं.

खर्च वसतिगृहाचा जास्त. निधी उशिरा आला की तोवर मुलं निघून गेलेली असतात.

कायदा दोन्हीकडे पाठीशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे ठामपणे सांगा.

गावी आजी-आजोबा आहेत, मूल तिसरी-चौथीच्या पुढचं आहे, तर वसतिगृह. मागणी दिवाळीआधीच करा. मूल लहान किंवा मागे कुणीच नाही, तर कार्ड. पण त्यासोबत वाहन आणि धाकट्यांसाठी भट्टीवर पाळणाघर मागा.