सोयाबीनसाठी रायझोबियम कल्चर (250 ग्रॅम पाकीट): नक्की घ्या, पण तारीख बघून

सोयाबीनला कल्चर, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायचं जिवाणू खत, लावून खरंच फायदा होतो का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. आम्ही कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रावरून आणतो, एक पाकीट 10 किलो बियाण्याला, एकरी 30 किलो धरलं तर 3 पाकिटं, खताच्या मानाने खर्च काहीच नाही. आत काळी भुकटी दिसते ती नुसती लिग्नाइटची (एक प्रकारचा कोळसा), खरा माल म्हणजे त्यातले जिवंत जिवाणू.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे पण पिकाला तो तसाच घेता येत नाही, हे जिवाणू मुळावर गाठी करून राहतात आणि पिकाला लागू पडेल असा करून देतात, बदल्यात पीक त्यांना साखर पुरवतं. खात्री करायची तर पीक फुलावर आलं की एक झाड खुरप्याने मातीसकट काढा, उपटू नका, उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. मुळं धुवा, गाठ नखाने फोडा, आतून लालसर गुलाबी निघाली की समजायचं काम जोरात चालू आहे. आमच्या ज्या तुकड्यात आधी कधीच सोयाबीन नव्हतं तिथं बिनकल्चरच्या तासात (ओळीत) गाठी शोधाव्या लागल्या आणि लावलेल्या तासात मुळाला नुसते झुबके! दरवर्षी सोयाबीन असलेल्या रानात फरक एवढा डोळ्यात भरत नाही, तिथं जमिनीत आधीचे जिवाणू असतातच. तरी मी लावतो.

राग येतो तो दुकानदारांचा. एका ठिकाणी पाकिटं पत्र्याखाली उन्हात टाकलेली, अरे जिवंत वस्तू आहे ती, उन्हाने मेली की शेतकरी काळी भुकटीच चोळत बसणार ना. म्हणून तारीख बघा, कुठे ठेवलंय ते बघा, आणि सोयाबीनचंच मागा, हरभऱ्याचं याला चालत नाही.

लावताना कल्चर कालवायला गुळाचं पाणी पूर्ण थंड झालेलं आणि बेतानंच घ्या, सोयाबीनचं साल लई नाजूक, जोरात चोळलं की सुटतं आणि उगवण मार खाते. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी, मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. वरून युरिया मात्र भरमसाट टाकू नका, आयतं नत्र मिळालं की पीक गाठी कमी धरतं.

माझ्याकडून 5 पैकी 4. द्रवरूप बाटली मिळत असेल तर ती बघा, बियाण्याला हलक्या हाताने लागते, या खरिपाला मी तीच आणणार आहे.